एफआयआर का घेत नाहीत? आणि मग तो व्हिडिओ टाकू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. भाचा आठवीत आहे. दहावीच्या तिघांनी त्याला जिन्याखाली गाठून मारलं, चौथ्याने मोबाईलवर शूटिंग केलं. चाळीसेक सेकंदांचा तो व्हिडिओ दोन दिवसांत पालकांच्या ग्रुपांमधून गावभर झाला. आज बारावा दिवस. शाळा म्हणते, ‘आमच्या पातळीवर बघतोय.’ पोलीस ठाण्यात सांगतात, ‘पोरं अठराच्या आतली आहेत, एफआयआर होत नाही.’ शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज दिला, त्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. आणि तुम्ही मामा म्हणून विचारताय: हे सगळे मिळून प्रकरण दाबताहेत का? तसं असेल तर चौघांची नावं आणि चेहरे घालून व्हिडिओ टाकतो, मग बघू कसे हलत नाहीत.

मी दोन मुदती, म्हणजे सहा वर्षं, बाल न्याय मंडळावर (अठराच्या आतल्या मुलांवरची प्रकरणं ऐकणारं मंडळ) सामाजिक कार्यकर्ती सदस्य होते. आता शाळांबरोबर काम करते. अशा व्हिडिओंमधली मुलं, मारणारी आणि मार खाणारी दोन्ही, समोर बसलेली पाहिली आहेत. प्रकरण दाबलं जातंय हा तुमचा संशय खरा असू शकतो. पण एफआयआर झाला नाही, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. तो तपासायची जागा वेगळी आहे, खाली सांगते. आणि व्हिडिओ टाकू नका. या दुसऱ्या उत्तराचा तुम्हाला राग येईल, म्हणून त्याची कारणं जरा विस्ताराने लिहिते.

त्याआधी, तुमच्या प्रश्नात न आलेल्या चार-पाच गोष्टी आहेत ज्यांनी सगळं चित्र बदलू शकतं. चौघांपैकी कुणी अठरा पूर्ण झालेला आहे का? शाळेबाहेरचा कुणी मोठा सामील होता का? भाच्याचं हाड मोडलं, दात पडला, पंधरा दिवस रोजचे व्यवहार करता आले नाहीत, असं काही आहे का? कपडे काढायला लावले का? असतील तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा, लागू होऊ शकतो, आणि मग माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हाच वेगळा गुन्हा होतो. संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद आहे. शिवाय तशा दृश्यांचा व्हिडिओ पुढे पाठवणारा प्रत्येक जण स्वतः गुन्ह्यात येतो, अगदी ‘बघा काय चाललंय’ म्हणून पाठवणारे काका-मावशीसुद्धा. जातीवरून शिवीगाळ झाली का? तर ॲट्रॉसिटीची कलमं आणि वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास. यातलं काही असेल तर खालचं सगळं बाजूला ठेवून आधी वकील गाठा. नसेल, म्हणजे बुक्क्या, लाथा, शिव्या, धमकी आणि शूटिंग एवढंच असेल, असं धरून पुढे लिहिते. (‘एवढंच’ हा शब्द कायद्याच्या हिशेबाने. भाच्याच्या हिशेबाने ते एवढंसं नाही हे मला कळतं.)

आता एफआयआर. ठाण्यातल्या माणसाने तुम्हाला जे सांगितलं ते उडवून लावल्यासारखं सांगितलं असेल, पण मुळात ते खोटं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चा, त्याचे केंद्राचे आदर्श नियम २०१६ चे. त्यातला आठवा नियम म्हणतो की मुलावर एफआयआर नोंदवायचा तो दोनच परिस्थितींत: गुन्हा ‘घोर’ असेल तर, किंवा मोठ्या माणसाबरोबर मिळून केला असेल तर. ‘घोर’ म्हणजे ज्याला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा ठरवली आहे तो. किमान हा शब्द महत्त्वाचा. हत्येच्या प्रयत्नाला जास्तीत जास्त शिक्षा मोठी आहे, पण साधारणपणे किमान अशी ठरवलेली नाही, म्हणून तोही या व्याख्येत बसत नाही. पहिल्यांदा हे ऐकणारे पालक माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की कायदा मीच लिहिलाय. शिवाय साधी मारहाण मोठ्या माणसाने केली तरी भारतीय न्याय संहितेच्या ११५(२) खाली ती अदखलपात्रच आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून हातात देतात ते यामुळेच. प्रत्यक्षात काही ठाणी लहान मुलांवरही एफआयआर घेऊन मोकळी होतात, कारण बाहेर जमाव असतो. पण घेतला नाही म्हणून पोलीस विकले गेले, असं त्यावरून म्हणता येत नाही.

पण एफआयआर नाही म्हणजे काहीच नाही, हे मात्र साफ चूक आहे आणि नेमकं तेच लोकांना सांगितलं जातं. नियमाचं पुढचं वाक्य कुणी वाचून दाखवत नाही. एफआयआर नसेल तेव्हा माहितीची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत करायची, मुलाच्या घरची-शाळेची परिस्थिती सांगणारा सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात तयार करायचा, आणि हे सगळं बाल न्याय मंडळाकडे पाठवायचं. हे काम कुणाचं तेही ठरलेलं आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. म्हणजे ठाण्यात जाऊन ‘एफआयआर घ्या’ म्हणून भांडण्यापेक्षा शांतपणे तीन गोष्टी विचारायच्या: तुमच्याकडचे बालकल्याण पोलीस अधिकारी कोण? आमच्या तक्रारीची डायरीत नोंद किती तारखेला, कोणत्या क्रमांकाने झाली? मंडळाकडे कागद कधी पाठवले? मी पैजेवर सांगते, पहिल्या प्रश्नालाच निम्म्या वेळा ठाण्यात एकमेकांकडे बघतात. तो तुमचा पुरावा. बाराव्या दिवशी डायरीत नोंद नसेल, तर तुम्ही दाबादाबी म्हणताय ते बरोबर आहे, आणि तसा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे, आणि एक प्रत राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जायला हवी. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही कळवून ठेवा. लगेच काही घडेल असं नाही, पण तारखेनिशी नोंद राहते.

लोकांच्या रागाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण तो हवेतून आलेला नाही. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरला माणसं रुळांवर उतरली. शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची तक्रार घ्यायलाच वेळ लावला गेला होता, पोलीस अधिकारी नंतर निलंबित झाले. तिथे आरोपी मोठा माणूस, गुन्हा पोक्सोचा, एफआयआर ताबडतोब व्हायला हवा होता आणि झाला नाही. निष्काळजीपणा तो हा. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला बाल न्याय मंडळाकडून तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, आणि तेव्हापासून मी ‘बाल न्याय मंडळ’ म्हटलं की समोरचा ‘निबंध?’ म्हणून हसतो. हसू दे. मलाही त्या आदेशाचं समर्थन करायचं नाही. पण या दोन प्रकरणांनी एक घोटाळा करून ठेवलाय. कायद्याने हात बांधलेत म्हणून झालेला उशीर आणि कुणीतरी हात आखडले म्हणून झालेला उशीर, दोन्ही आपल्याला सारखेच दिसायला लागलेत. अधिकाऱ्यांनीही हा फरक समजावून सांगायची तसदी कधी घेतलेली नाही. ‘मुलांची नावं देता येत नाहीत’ या खऱ्या बंधनाआड ‘आम्ही काय केलं तेही सांगणार नाही’ हे खोटं बंधन लपवून टाकतात. नाव गुप्त ठेवायचं असतं. नोंद झाली का, चौकशी कधी सुरू झाली, मारहाण झालेल्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी काय केलं, हे त्याच्या घरच्यांपासून गुप्त ठेवायला कुठलाच कायदा सांगत नाही.

शाळेच्या बाबतीत तुमच्या हातात पोलिसांपेक्षा धारदार हत्यार आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा आहे. नाव ऐकून सगळ्यांना वसतिगृह, मेडिकल कॉलेज आठवतं. पण त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या शिक्षण देणारी कोणतीही संस्था अशी आहे, आणि रॅगिंगच्या व्याख्येत विद्यार्थ्याला छळणं, शिवीगाळ, धमकी, इजा, लाज वाटेल असं वागवणं हे सगळं येतं. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने संस्थेच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार केली की त्याने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार ताबडतोब पोलिसांकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि प्रमुखाने यातलं काहीच केलं नाही, तर त्याने रॅगिंगला साथ दिली असं मानलं जातं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

यात ‘लेखी’ हा शब्द सगळं काही आहे. तुमच्या बहिणीने बहुतेक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन रडून सांगितलं असणार, त्यांनी पाणी दिलं असणार, ‘ताई, काळजी करू नका’ म्हटलं असणार. सात दिवसांचं घड्याळ त्याने सुरू होत नाही. एक पानी अर्ज करा, विषयात कायद्याचं नाव लिहा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जात एक ओळ न चुकता घाला: त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. बहुतेक यंत्रणांत जुन्या चित्रणावर काही आठवड्यांनी नवीन चढतं. ‘फुटेज मागितलं तेव्हा नव्हतं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली कुठल्याही पालकाचा फोन आला की आधी हेच सांगते. शाळेतल्या सखी सावित्री समितीची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीची, बैठक झाली का, हेही विचारा. समिती बऱ्याच ठिकाणी भिंतीवरच्या फलकापुरती असते, पण लेखी विचारलं की तिला बसावं लागतं.

एक मात्र डोक्यात ठेवा. शाळेने मारणाऱ्या मुलांना नाव कमी करून घालवावं ही मागणी प्रत्येक प्रकरणात चालत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. तुमच्या प्रकरणातली मुलं दहावीची आहेत म्हणून तो अडथळा नाही. तरीही माझं मत विचाराल तर, दाखला हातात देऊन घालवलेला मुलगा पुढच्या शाळेत नवा आठवीतला शोधतो. निलंबन, समुपदेशन, पालकांकडून लेखी हमी, आणि मंडळासमोर हजेरी, हे एकत्र झालं तर त्याचा उपयोग होताना पाहिलाय. मंडळ समज देऊ शकतं, सामाजिक सेवा लावू शकतं, पालकांना दंड करू शकतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. जास्तीत जास्त म्हणजे तीन वर्षांपर्यंत विशेष गृह, म्हणजे अशा मुलांना ठेवण्याची सुधारगृहासारखी जागा. वर्तमानपत्रात ‘सोडून दिलं’ म्हणून जे येतं त्याच्या पोटात बऱ्याचदा यातलं काहीतरी असतं.

इथवरचं थोडक्यात: पोलिसांकडे डायरीची नोंद आणि मंडळाकडे कागद गेल्याची तारीख मागा, शाळेकडे १९९९ च्या कायद्याखाली लेखी तक्रार द्या आणि सात दिवस मोजा. आता व्हिडिओ.

कायद्याचं आधी उरकते. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ म्हणतं की चौकशीतल्या कुठल्याही मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, चित्र प्रसिद्ध करायचं नाही. आरोपी मुलाचंही नाही आणि पीडित मुलाचंही नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो नियम पत्रकारांसाठी, आपल्याला काय, असं समजू नका. कलमात इतर संपर्कमाध्यमंही आहेत. गणवेश आणि छातीवरचा शाळेचा बिल्ला दिसला तरी शाळा कळते. म्हणजे ज्या चौघांना तुम्ही अडकवायला निघालात, त्यांच्या वडिलांना तुमच्यावर उलट तक्रार करायला आयतं कारण मिळेल. असं होताना मी पाहिलंय. समझोत्याच्या टेबलावर मग ‘तुम्ही ती मागे घ्या, आम्ही ही मागे घेतो’ सुरू होतं आणि मुलाचं प्रकरण तिथेच संपतं.

पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. एका मुलाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. व्हिडिओत तो मारणाऱ्याला ‘नको ना दादा, नको ना’ म्हणत होता. व्हिडिओ पसरला, लोक खवळले, कारवाई झाली, मारणारे आठवड्यात गप्प झाले. घरच्यांनी त्याची शाळाही बदलली. नव्या शाळेत तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला: ‘नको ना दादा.’ मारणारा एकही तिथे नव्हता. ज्या पोरांनी ते म्हटलं ती काही दुष्ट नव्हती, त्यांनी फक्त व्हिडिओ बघितला होता. त्या मुलाने मला विचारलं, ‘मी तेव्हा काहीच बोललो नसतो तर बरं झालं असतं का?’ याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. तुमच्या भाच्याचा व्हिडिओ आधीच फिरलाय हे खरं. पण बारा दिवसांत तो थोडा निवला असेल. नाव-गाव जोडून तुम्ही पुन्हा टाकलात की तो नव्याने पेटेल, आणि या वेळी त्याच्या सख्ख्या मामाच्या हाताने.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. व्हिडिओला जो दिसतो तोच गुन्हेगार वाटतो. मंडळात एका प्रकरणात आम्ही एक चित्रण पाच-सहा वेळा पाहिलं. पहिल्या वेळी सगळ्यांचं लक्ष हात उचलणाऱ्यावर होतं. तिसऱ्या वेळी आवाज नीट ऐकला. मोबाईल धरणारा मुलगा हळू आवाजात सांगत होता, ‘आता तोंड इकडे कर त्याचं.’ सगळा बेत त्याचा होता, आणि तो एकाही चौकटीत नव्हता. मारणाऱ्या मुलांपैकी एकाला आधीच्या महिन्यात त्याच टोळक्याने असंच मारून त्याचाही व्हिडिओ करून ठेवला होता, आणि त्या धाकाने त्याने हात उचलला होता. लोकांनी शिव्या दिल्या त्या त्याला. तुमच्या प्रकरणात काय आहे हे चाळीस सेकंदांवरून तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. म्हणूनच ‘चौथ्याने फक्त शूटिंग केलं’ असं कुणी म्हणालं तर अडवा. तक्रारीत त्याचं नाव पहिल्या तिघांच्या बरोबरीने येऊ द्या.

आणि तिसरं, व्हायरल झालं की अधिकारी हलतात हे तुमचं म्हणणं. हलतात, नक्की हलतात. पण हलतात ते कॅमेऱ्याकडे तोंड करून. मुलांना ठाण्यात बोलावून हात जोडून माफीचा व्हिडिओ करायचा, उठाबशा काढायला लावायच्या, तो व्हिडिओ पुन्हा फिरवायचा, लोकांनी खाली ‘शाब्बास साहेब’ लिहायचं. हे सगळं बेकायदेशीर आहे. आणि ते झालं की डायरी, अहवाल, मंडळ हे कंटाळवाणं काम कुणी करत नाही, कारण ‘न्याय’ तर होऊन गेला! एखादा पुढारी घरी येऊन भाच्याच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढेल. त्याला दारातच नम्रपणे सांगा की मुलगा झोपलाय.

व्हिडिओ फेकून मात्र देऊ नका, तो पुरावा आहे. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत दाबून लहान झालेली असते, मूळ तारीख-वेळेची माहिती तीत राहीलच असं नाही. ती कुणाकडून, किती वाजता आली ते लिहून ठेवा, तो संदेश पुसू नका, ज्या फोनवर आली तो फोन बदलू नका. मूळ चित्रण ज्या मोबाईलमध्ये आहे तो पोलिसांनी ताब्यात घ्यावा असं अर्जात लिहा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते कसं करायचं हे वकील सांगतील. ज्या पानांवर व्हिडिओ अजून दिसतोय त्यांचे दुवे आणि स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका, आणि त्या ॲपलाही कळवा की यात अल्पवयीन पीडित आहे. पालकांच्या ग्रुपवर एकच संदेश पाठवा: ‘आमच्या मुलाचा व्हिडिओ कृपया पुसा, पुढे पाठवू नका.’ रागाचे चार परिच्छेद लिहू नका, त्यांचेही स्क्रीनशॉट निघतात. मार लागल्यावर सरकारी दवाखान्यात दाखवलं नसेल तर आजही दाखवा. वळ गेले असतील, पण झोप, भूक, पोटदुखी याची नोंद होऊ शकते.

शेवटची गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेच नव्हती, म्हणून विचारते. भाच्याला काय हवंय? मोठ्यांना चौघांना शिक्षा हवी असते. मुलांना विचारलं, तेही एकट्याला, घाई न करता, तर मागणी बहुतेक वेळा अगदी छोटी निघते. मधल्या सुट्टीत त्या जिन्याजवळ कुणीतरी शिक्षक उभे राहू देत. रिक्षा बदलून द्या. आईने शाळेत येऊन सगळ्यांसमोर रडू नये. एकाने मला सांगितलं होतं, ‘मला फक्त वर्गात पुढे बसायचंय, मागून कुणी येतंय का ते बघत बसावं लागतं.’ तो जे सांगेल ते मुख्याध्यापकांच्या अर्जात पहिल्या मागणीत लिहा, चौकशी आणि निलंबनाच्याही वर. ते करायला सात दिवस लागत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. आणि तेवढंसुद्धा शाळेने केलं नाही, तर अधीक्षकांकडच्या अर्जाला तीच पोच जोडा.